दर शनिवारी येणारा भाऊ

चिंचपोकळी
२१ नोव्हेंबर २०१०

दादा,

आधी 'तीर्थरूप' असं लिहिलं होतं. पण सत्तावीस वर्षांनी ते कुणा परक्याला लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून कागद बदलला. नुसतं दादा.

पत्ता शिवाकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागले. फोन नंबर पण मागितला होता, तर म्हणाला, "आत्या, बाबा फोनवर कुणाशी बोलत नाहीत." मग राहिलं पत्र.

मी बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. खोली तीच. समोरची चाळ पाडली, त्यामुळे आता दुपारी घरात ऊन येतं. गाणं शिकायला चारदोन मुली येतात, वेळ जातो.

लिहायचं कारण असं, की काल मी तुझ्या मिलमध्ये जाऊन आले. तिथे आता हॉटेलं झालीत, कपड्यांची मोठमोठी दुकानं झालीत, आणि एक हॉल आहे. तो हॉल म्हणजे तुझं साचेखातं, जिथे तू माग चालवायचास. छप्पर तेच ठेवलंय, करवतीच्या दात्यांसारखं, मधेमधे काचा. तुझा डबा घेऊन मी कितीदा गेटपर्यंत आले असेन, पण आत पाऊल टाकलं ते काल पहिल्यांदा. तुझे साचे कुठल्या बाजूला होते रे? मी उगाच डावीकडच्या खांबाजवळ बघत होते.

तिथे 'जुने आवाज' म्हणून कार्यक्रम करतात. पूर्वी मुंबईच्या हॉटेलांतून इंग्रजी गाणी गाणारे जे कोणी शिल्लक आहेत, त्यांना बोलवतात. दोन गाणी म्हणायची, आणि मग समोर बसलेल्या लोकांनी प्रश्न विचारायचे. गाणी पंधरा-वीस मिनिटांत संपतात, प्रश्न तासभर चालतात. सगळी तरुण पोरं. त्यांनी पाटीवर माझं नाव 'मॉली' लिहिलं होतं. किती वर्षांनी वाचलं ते!

एकाने विचारलं, तुम्ही या गाण्याकडे वळलात कशा? मी सांगितलं, की गिरगावात एका शिंप्याच्या दुकानात बटणं-काजं करायचे. बँडवाल्यांचे कोट तिथे शिवायला यायचे. एकदा रोझारियो मास्तर कोटाच्या ट्रायलला उभे होते, मी खाली मान घालून गवळण गुणगुणत होते. ते म्हणाले, "पोरी, परत म्हण." तिथून चर्चगेटच्या हॉटेलात. मास्तर ट्रंपेट वाजवायचे, मी गायचे. इंग्रजीचा गंध नव्हता, सगळं देवनागरीत लिहून पाठ केलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या.

एका मुलीने विचारलं, तुम्ही गाता ते सोल म्हणजे काय? दादा, एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या देवळात जे गाणं चालायचं, ते बाहेर आलं आणि संसाराचं झालं. देवाला मारायची तशी हाक माणसाला मारायची, एवढंच. आणि म्हटलं, माझा भाऊ भजनात मृदंग वाजवायचा. तो शेवटी शेवटी लय वाढवायचा तेव्हा म्हातारे लोक डोळे मिटून उभे राहायचे. तेच हे.

घरचं कुणी ऐकायला यायचं का, असंही एकीने विचारलं. सांगितलं काहीतरी.

कार्यक्रम छान झाला. फोटो काढले, टॅक्सीत बसवून दिलं. घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. मग लक्षात आलं, की कसं झालं हे विचारायला कुणीच नाही. शेजारची चंपा असती तर तिला सांगितलं असतं, पण ती गणपतीनंतर मुलाकडे विरारला राहायला गेली. म्हणून तुला लिहिलं.

वहिनीला नमस्कार.

मालन


चिंचपोकळी
१६ जानेवारी २०११

दादा,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं.

काल परत बोलावलं होतं. गेल्या वेळचं लोकांना आवडलं म्हणाले. त्यांनी ते सगळं कॉम्प्युटरवर टाकलंय, म्हणजे कुणीही बघू शकतं. शिवाने बघितलं. संक्रांतीचे तिळगूळ घेऊन आला तर दारातच विचारलं, "आत्या, बाबा दर शनिवारी यायचे तुझं गाणं ऐकायला?"

तेव्हा तुला सांगून टाकते. घरच्यांचा प्रश्न आला तेव्हा मी म्हणाले होते, "माझा मोठा भाऊ यायचा. दर शनिवारी." कसं तोंडातून गेलं कळलं नाही. ती पोरगी एवढी आशेने बघत होती! तिचे आईवडील तिला गाऊ देत नाहीत असं ती म्हणाली होती. तिला काय सांगू, की घरचं कुणी आलं नाही? आणि एकदा तोंडातून गेल्यावर मलाच ते बरं वाटलं. शिवाला मी म्हटलं, "अरे, तसं बोलायचं असतं."

शनिवारच का आला तोंडी, तेही सांगते. शनिवारी तुझं भजन असायचं. मग मंडळाच्या लोकांनी तुला सुनावलं, की बहीण हॉटेलात गाते आणि भाऊ देवापुढे मृदंग घेऊन बसतो, बरं दिसत नाही. तू मृदंग सोडलास. मला तू हे कधी सांगितलं नाहीस, चंपाने सांगितलं. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी मी निघायची तेव्हा तू गॅलरीत कठडा धरून उभा असायचास. खाली मारुतीच्या देवळात टाळ सुरू झालेले असायचे. मी चपला घालताना दर वेळी वाटायचं, म्हणावं, चल रे माझ्याबरोबर. नाही म्हटलं.

काल एका मुलाने संपाचं विचारलं. म्हणाला, "मॅडम, बाहेर अडीच लाख लोक संपावर होते आणि तुम्ही हॉटेलात गात होता. कसं वाटायचं?" चांगला मुलगा होता, टोचून नाही विचारलं. मी म्हटलं, घरात एकाचं तरी काम चालू होतं हे नशीब. पुढचा प्रश्न आला, सुटले.

पण घरी येऊन तोच प्रश्न डोक्यात. तू मोर्च्यावरून यायचास आणि माझी निघायची वेळ व्हायची. जिन्यात गाठ पडायची. तू भिंतीला लागून मला वाट द्यायचास, परक्या बाईला देतात तशी. घरात मी आणलेले तांदूळ शिजायचे. वहिनीने वाढलं तर तू जेवायचास, मी वाढायला उठले की तुझं पोट भरलेलं असायचं. वहिनी मला डोळ्यांनी खुणवायची, तू बस. मी बसायची.

मला राग यायचा दादा. खूप यायचा. एकदा स्टेजवर गाताना सगळं गाणं मी तुझ्यावर रागावून म्हटलं होतं. मास्तर म्हणाले, "आज कुणाला मारलंस?" लोकांना तेच गाणं सगळ्यात जास्त आवडलं.

आणि मग तो रविवार. मी पुण्याचा कार्यक्रम करून सकाळी आले तर दाराला कुलूप. चंपाने चावी दिली. म्हणाली, "काल गावी गेले सगळे. तुला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "होतं की."

बघ, तेव्हापासूनच सवय आहे मला असं बोलायची.

मुली शिकायला येतात असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. कुणी येत नाही. साड्यांना फॉल-पिको करते, त्यावर चालतं. गेली बरीच वर्षं गायलेच नव्हते, या लोकांनी शोधून काढेपर्यंत.

मालन


चिंचपोकळी
६ मार्च २०११

दादा,

वहिनीचं पत्र आलं! पोस्टमनने खालून हाक मारली तेव्हा मला वाटलं विजेचं बिल. तिने काय लिहिलंय ते तिने तुला दाखवलं की नाही देव जाणे, म्हणून इथे उतरवते:

"तुमची दोनय पत्रां गावली. ह्येंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणान मीच वाचून दाखवतंय. मोठ्यान वाचूक लागता, शेजारची कमलाबाय पण येवन बसता. हे काय एक बोलनत नाय. पण पोस्टमन दिसलो की विचारतत, मुंबैचा काय हा?"

मी हे तीन वेळा वाचलं. कमलाबाईंना माझा नमस्कार सांग. वाडीत सगळ्यांना कळलं म्हणजे माझं! असू दे.

शिवा म्हणाला, एप्रिलमध्ये तुला डोळ्यांसाठी मुंबईला आणणार, परळच्या हॉस्पिटलात. अँटॉप हिलला त्याच्याकडे राहशील. त्याच्या सरकारी क्वार्टर्सला लिफ्ट नाही, हळू चढ.

दादा, माझ्याकडे पण येऊन जा. एक दिवस. मी सौंदाळे मासे आणीन, आईसारखी आमटी करीन. गाण्याचं काही बोलणार नाही. आणि मेमध्ये माझा अजून एक कार्यक्रम आहे, शेवटचा म्हणतात. तिथे ये असं म्हणत नाही मी. तुझं खातं मात्र बघून जा एकदा, एवढंच म्हणते. तुझी पंचवीस वर्षं तिथे गेली, आणि मी दोनदा जाऊन आले तर लोक मला विचारतात, इथे पूर्वी काय होतं?

मालन


चिंचपोकळी
२४ एप्रिल २०११

दादा,

हे शिवाच्या पत्त्यावर पाठवते. डॉक्टरने वाचायला परवानगी दिली की वाच.

परवा मी हॉस्पिटलात आले होते. शिवा औषधाचे थेंब आणायला खाली गेला होता. तू कुशीवर होतास, भिंतीकडे तोंड करून, डोळ्यावर पट्टी. मी ओळखलं नाही आधी. केस सगळे गेले तुझे. पाठ मात्र तीच.

मी स्टूल ओढून बसले. "दादा, मालन आलेय," म्हटलं. तू हलला नाहीस. वाटलं झोपलास, पण तुझं बोट चादरीवर चालू होतं. ठेका धरल्यासारखं. म्हणजे जागा होतास.

मग मी बोलत राहिले. कायकाय बोलले ते आठवत नाही. मास्तर गेले ते सांगितलं, हॉटेलात गाणं बंद झालं ते सांगितलं. लग्न का नाही केलं, ते पण सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नाही. बाजूच्या खाटेशी बसलेल्या बाईने तोंड फिरवलं, बिचारी. तू भिंतीकडेच. एकदा तरी 'हं' म्हणायचं होतंस.

शिवा येण्याआधी मी निघाले. सौंदाळ्यांची आमटी डब्यात आणली होती. ती नर्सकडे दिली.

दादा, मी आता थकले. सत्तावीस वर्षं म्हणजे माणसाचा राग केवढा मोठा होतो! तू ओरडला असतास तर चाललं असतं. पाठ दाखवलीस त्याचं वाईट वाटलं.

मेच्या कार्यक्रमाचं विसर. मी परत लिहिणार नाही.

मालन


चिंचपोकळी
१५ मे २०११

दादा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तू काल मला एक प्रश्न विचारलास, आणि त्याचं उत्तर तुला मिळालेलं नाही. म्हणून लिहितेय. सगळं पहिल्यापासून सांगते, कारण त्यातलं तुला काय समजलं आणि काय नाही, मला कळत नाही.

पहिलं गाणं झालं तेव्हा मी समोर बघितलंच नव्हतं. दिवे डोळ्यांवर येतात. दुसरं संपलं, हॉलमध्ये उजेड केला, आणि पाचव्या-सहाव्या रांगेत शिवा दिसला. त्याच्या बाजूला काळा चष्मा लावून, पांढरी टोपी घालून तू. हात मांडीवर. माझ्या हातातला पाण्याचा पेला सांडला. त्या निवेदन करणाऱ्या मुलीने पटकन टिशू दिले.

प्रश्न सुरू झाले. कुणी काय विचारलं, मी काय बोलले, काही म्हणजे काही आठवत नाही. मग तू हात वर केलास. मुलगी माईक घेऊन तुझ्याकडे गेली. तू तो फावड्याचा दांडा धरावा तसा दोन्ही हातांनी धरलास, आणि एवढ्या मोठ्याने बोललास की मागची पोरं दचकली.

"बाई," तू म्हणालास. "तुमचा भाऊ दर शनिवारी गाणं ऐकायला यायचा, असं तुम्ही सांगितलंत. तर तो कुठे बसायचा?"

लोकांना वाटलं कुणीतरी साधेभोळे आजोबा आहेत. दोघं-तिघं हसले. शिवाने मान खाली घातली. मला 'बाई' म्हणालास, 'तुम्ही' म्हणालास. मला कळेना, तू मला पकडतोयस, की थट्टा करतोयस, की तुला खरंच जाणून घ्यायचंय? तुझे डोळे चष्म्याआड. काय वाचणार मी?

तयार उत्तर होतं माझ्याकडे. खांबाजवळचं टेबल, एक कॉफी, गाणं संपलं की निघून जायचा. लोकांना ते फार आवडलं असतं. पण तू समोर असताना ते मला जमलं नाही.

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "तो कधीच आला नाही. एकदाही नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. तो या शेडमध्ये साच्यावर काम करायचा. संपात त्याचं काम गेलं, आणि माझ्यामुळे त्याचा मृदंग गेला. मी मिळवलेलं त्याला खावं लागलं. त्याला माझा राग होता, मला त्याचा होता, आणि आम्ही एका खोलीत राहत होतो. भाऊ यायचा असं म्हटलं, कारण तो यावा असं मला वाटायचं."

आणि तू, दादा, तू मान हलवलीस. शांतपणे, समाधानाने, उत्तर पटल्यासारखी. मग कुणीतरी टाळी वाजवली, सगळ्यांनी वाजवल्या, आणि तू इकडेतिकडे बघून टाळ्या वाजवल्यास. माझा जीव असा हलका झाला! वाटलं, संपलं सगळं. ऐकलं त्याने आणि टाळ्या वाजवल्या.

मी स्टेजवरून उतरून धावत आले. तू पाठमोरा छपराच्या काचा बघत होतास. मी "दादा" म्हटलं. तू वळला नाहीस. परत म्हटलं, जवळ येऊन. नाहीच. तेव्हा शिवा माझ्या कानाशी लागला, "आत्या, हात लाव. बाबांना ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"एक कान कधीच गेला होता. दुसराही आता गेल्यातच जमा आहे. एकदम कानाशी ओरडलं तर थोडंफार. मला वाटलं तुला माहीत असेल. साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढलेला माणूस तो."

मला कसं माहीत असणार? आपण एका घरात होतो तेव्हा तुला ऐकू येत होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी जेवायला हाक मारायची आणि तू यायचा नाहीस, त्यात राग किती होता आणि कान किती, हे आता कुणाला विचारू?

मी तुझ्या खांद्याला हात लावला. तू वळलास, चष्मा वर केलास, नवीन डोळ्यांनी मला नीट बघितलंस. म्हणालास, "बरी दिसतंस." एवढ्यात लोकांनी मला घेरलं, कुणाला फोटो, कुणाला सही. शिवा घड्याळ दाखवत होता, तुझी रात्रीची गाडी होती. मी मोकळी होईपर्यंत तुम्ही गेला होता.

म्हणजे हॉस्पिटलातही तुला ऐकू आलं नव्हतं. मी एवढं बोलले, लग्नाचं पण बोलले, ते बाजूच्या बाईने ऐकलं आणि तू नाही. मागच्या पत्रात पाठ दाखवलीस म्हणून नको ते लिहिलं. ते फाडून टाक.

आणि काल माझी गाणी? ती तर ऐकूच आली नसतील. ऐकू येत होतं तेव्हा आला नाहीस, आणि ऐकू येत नाही तेव्हा आलास. काल घरी आल्यावर मला याचा आधी राग आला. मग उगाच हसू आलं. मग कुठलंच काही येईना, नुसती बसून राहिले.

आज सकाळी वहिनीला कमलाबाईंच्या फोनवर गाठलं. ती म्हणाली, मी पत्रं वाचून दाखवायचे तेव्हा हे माझ्या तोंडाशी कान लावून बसायचे. कार्यक्रमाला जायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं, शिवा नको म्हणत होता, डोळ्यांना दिव्यांचा त्रास होईल म्हणून. मी विचारलं, "वहिनी, पण तो प्रश्न का विचारला त्याने?" ती म्हणाली, "माका काय म्हायत? गाडीतसून उतरल्यावर इतक्याच म्हणाले, मालनान माका बसूक जागा दिली."

दादा, तुला वाटतंय मी तिथे तुझ्यासाठी एखादी खुर्ची सांगितली. मी नाही सांगितली. मी काय सांगितलं ते वर लिहिलंय, आणि आता तुला स्वतःला वाचता येतं, तेव्हा तू ते वाचलं असशील. मला ते लपवता आलं असतं. नाही लपवलं.

पण तू विचारलंस म्हणून खरं उत्तर देते. आला असतास तर मी तुला ड्रमच्या बाजूला बसवलं असतं. तिथे टेबल-बिबल नव्हतं, वेटर सोडावॉटरचे खोके ठेवायचे. त्यावर बसून तू वाजवणाऱ्याचे हात बघितले असतेस. पहिलं गाणं तुला आवडलं नसतं. दुसऱ्याला तुझी बोटं चालू झाली असती, मला खात्री आहे.

मी येतेय. शुक्रवारची गाडी मिळाली, शनिवारी सकाळी कणकवलीला उतरेन. शिवाला सांगितलंय, त्याने अडवलं नाही. कामाची कापडं शिल्लक होती ती परत केली. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. तू आपल्या पडवीत बस, मी जवळ बसते. हॉस्पिटलात जे बोलले ते सगळं परत सांगायचंय. वहिनीने वाचायला नको, मीच सांगेन, मोठ्याने. तेवढा आवाज आहे अजून माझ्यात.

मालन